ओवाळणीबद्दल, आईला आणि दादाला

प्रिय आई, दादा, वहिनी आणि छकुली,

रविवारी फोनवर आई मधेच "बरं, ठेवते" म्हणाली तेव्हाच कळलं की ग्रुपवर मी "दादा, ओवाळणीला पैसे, सोनं नको" असं टाकलं त्याचा राग आलाय, म्हणून हे सविस्तर लिहितेय. आधी सांगते, मी एकदम बरी आहे, खोकला गेला, जाड जॅकेट बाहेर काढलंय, जेवण घरचंच. नोकरीचंही ठीक आहे, उगाच बातम्या बघून घाबरू नका.

आता मुद्द्याचं. आई, तू म्हणालीस "एवढी लांब गेलीस की भावाची ओवाळणीपण नको झाली." अगं नको कशी होईल? पण भाऊबीज येते कधी बघ ना, बरोबर द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या मागं, तेव्हा औषधं, मजुरी, सगळा पैसा बाहेरच जात असतो आणि हातात येतो तो बेदाणा तासगावच्या सौद्याला लागल्यावर. गेल्या वर्षी दिवाळीत पाऊस लागला, बागेत दावण्या रोग आला, दादा रात्री बॅटरी घेऊन फवारायला जात होता आणि त्याच आठवड्यात माझ्या खात्यात ओवाळणीचे दहा हजार आले. मी नुसतं थँक्यू लिहिलं. त्या रात्री झोप नाही लागली दादा, खरंच सांगते.

आणि चूक माझीच आहे. मी येताना दोन बॅगा भरून आणायचे, तुला फोन, वहिनींना घड्याळ, मग तुम्हाला वाटायचं हिला तोडीचं काहीतरी द्यायला हवं, म्हणून ते सोन्याचे कानातले. मी ते रोज घालते. पण वहिनी, तुम्ही स्वतःसाठी त्या वर्षी काहीच घेतलं नाही हे मला दिसलं होतं.

इथे नेदरलँड्समध्ये लोक काय करतात ते सांगते, मला आधी कळलंच नव्हतं. 5 डिसेंबरला सिंटरक्लासची संध्याकाळ असते. हा नाताळचा म्हातारा नाही हं, वेगळा, लाल टोपीवाला बिशप, नोव्हेंबरमध्ये बोटीतून येतो, स्पेनहून आला म्हणतात, आणि मुलं बुटात त्याच्या घोड्यासाठी गाजर ठेवतात. ते मुलांचं झालं. पण मोठी भावंडं काय करतात तर काही आठवडे आधी चिठ्ठ्या टाकतात, ज्याचं नाव निघेल त्या एकालाच गिफ्ट द्यायचं, कुणाचं नाव निघालं ते सांगायचं नाही, आणि रकमेची मर्यादा आधीच ठरवतात. माझ्या कलीगच्या घरी वीस युरो होती. बरं, नुसतं गिफ्ट देऊन चालत नाही, त्याच्यावर यमक जुळवून कविता लिहायची, त्यात त्या माणसाच्या वर्षभराच्या खोड्या काढायच्या, खाली सही सिंटरक्लासची, आणि ज्याला मिळालं त्यानंच ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची! तिचा भाऊ पन्नाशीचा आहे, वाचता वाचता त्याचे डोळे भरून आले. गिफ्ट काय तर हातमोजे होते.

तुला वाटेल इथलं बघून शिकली. तसं नाहीये आई. मला तेव्हा आपली आत्याच आठवली. बाबा चांगल्या वर्षी तिला साडी घ्यायचे, आणि 2003 च्या दुष्काळात बागेला टँकरनं पाणी घालायची वेळ आली तेव्हा खण आणि नारळ. आत्या तशीच हसत ओवाळून गेली, पुढच्या वर्षी परत आली. माहेर तुटलं का तिचं? मग माझंच का तुटेल?

तर माझं म्हणणं एवढंच. दादा, पैसे पाठवायचे नाहीत, सोनं तर नाहीच. भाऊबीजेला व्हिडिओ लावायचा, तेव्हा साडेचार तासांचा फरक असतो, तुमच्या संध्याकाळी माझी दुपार, मी ब्रेक घेईन. तू पाटावर बस, छकुली तिथून ओवाळेल, मी इथून, आणि ताटात एक रुपया नि सुपारी टाक, माझा रुपया आईकडे ठेव. गेल्या वर्षी तू बागेत होतास, फोन लागेना, तर मी ताट घेऊन चंद्राला ओवाळायला बाल्कनीत गेले, नुसते ढग, कोर काही दिसली नाही. तशीच अंदाजानं ओवाळलं. मला तू समोर दिसायला हवास रे, बाकी काही नको.

यंदा दिवाळीला येणं जमत नाही, सुट्टी छकुलीच्या लग्नासाठी राखून ठेवलीय. पुण्याचं स्थळ मला पसंत आहे. मी थोरली बहीण, माझं लग्न आधी व्हायला पाहिजे म्हणून तिचं अडवू नका, आई प्लीज, माझं मी बघतेय आणि लोक विचारतात ते मला माहितीये. हॉलचे आणि जेवणाचे मिळून तीन लाख मी जानेवारीत पाठवते. दादा, हे गिफ्ट नाही, बाबा असते तर त्यांनी केलं असतं त्यातला माझा वाटा आहे, याची परतफेड करायची नाही. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापून घ्या. आणि आई, गुडघ्याचा एक्सरे काढलास का ते वहिनींना मेसेज करायला सांग, तू स्वतः खरं सांगत नाहीस.

तुमची,
ताई
आइंडहोवन