सूचना : बारका पापलेट आणू नका

सगळ्या नाखवा-तांडेल (बोटमालक आणि बोट चालवणाऱ्या) मंडळींना रामराम. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीची बंदी उठतेय, जाळी भरायची गडबड चालू असेल, पण एक गोष्ट आत्ताच कानावर घालतो. ५४ जातींच्या मासळीला सरकारने २०२३ मध्येच किमान साइज ठरवून दिलीय, पापलेट १३५ मिमी, बोंबील १८० मिमी, सुरमई ३७० मिमी, त्याखालचं पकडायचंही नाही आणि विकायचंही नाही. प्रत्येक बोटीवर केबिनच्या फळीवर मार्करने या तीन खुणा मारून ठेवा म्हणजे खलाशांना टेप शोधत बसायला नको. आता कोणी म्हणेल जाळ्यात आलेलं मेलेलंच असतं, सोडून काय फायदा, बरोबर आहे, म्हणूनच खरा उपाय जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकाच्या मापात आहे, बारीक आसाची जाळी घरीच ठेवा. तळहाताएवढा पापलेट, अंडी घातलेली नाहीत, बाजारात भाव कवडीचा, तोच वाढला की नगावर विकतो आणि तरी आपण क्रेट भरून आणतो, कमालच आहे! आणि २०२३ लाच राज्यमासा म्हणून मिरवलाय याला. फाटक्या जाळ्याचे तुकडे दर्यात टाकू नका, बंदरावर आणा. रविवारी संध्याकाळी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात या, जाळी सोबत आणलीत तर आस मोजून देऊ.