तू काढ, मी लिहितो

प्रिय निख्या,

आवडत्या पुस्तकातल्या पात्रांची चित्रं काढणं भारी की त्यांच्यावर गोष्टी, म्हणजे फिक, लिहिणं, यावरचा तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, "तुम्ही वीस हजार शब्द लिहिता ते मी एका चित्रात दाखवतो" वगैरे. जरा दमानं घे. काही ठिकाणी खरंच जमतं ते, तिथे मी कधीच हात जोडलेत.

हॅरी पॉटरमधल्या हर्मायनीचंच बघ ना. २०१५ च्या आसपास टम्बलर या साइटवर काळी, दाट कुरळ्या केसांची हर्मायनी काढणारे किती होते, आणि त्याच डिसेंबरात लंडनच्या हॅरी पॉटर नाटकात हर्मायनी म्हणून नोमा डुमेझ्वेनी या काळ्या नटीचं नाव जाहीर झालं. आता हेच मी फिकमध्ये केलं तर पहिल्या पानावर लिहीन की ती काळी आहे, आणि वाचणारा दोन पानांत ते विसरून परत एमा वॉटसनलाच डोळ्यासमोर आणणार. चित्रात विसरायची सोयच नाही. देसी हॅरीचंही तेच, बघितला की पटतोच.

पण रीमस ल्युपिन घे, हॅरीच्या बापाचा दोस्त, पौर्णिमेला लांडगा होणारा. १९८१ ला हॅरीचे आईबाप जेम्स-लिली गेले, त्यांचा दोस्त सिरियस अझ्काबानच्या तुरुंगात, आणि पुढची बारा वर्षं हा माणूस धरून चाललाय की आपल्याच जिगरी दोस्तानं घात केला. त्या वर्षांबद्दल पुस्तकात जवळजवळ काहीच नाही, म्हणून तर लोक त्यावर एवढं लिहितात. तू ठिगळं लावलेला झगा काढशील, अकाली पिकलेले केस काढशील, भारीच काढशील, पण ते बारा वर्षांनंतरचं झालं. मधलं काय? दर महिन्याला पौर्णिमा, नोकरी टिकत नाही, सिरियसला शिव्या घालता घालता त्याचाच एखादा जुना पीजे आठवून हसू येतं आणि मग त्या हसण्याचाच राग येतो. हे काढून दाखव. हसू काढशील की राग? दोन्ही काढलंस तरी आधी काय आलं ते कसं कळणार?

कॉमिक काढीन म्हणशील. काढ की, जपानात कॉमिकेटच्या बाजारात १९७५ पासून फॅन लोक स्वतः छापलेल्या दोजिन्शी, म्हणजे बहुतेक कॉमिकच, विकतायत. पण चौकटी आल्या, संवाद आले, म्हणजे तू आमच्याच गल्लीत आलास ना भावा.

एका गोष्टीवर मात्र माझी जाम जळते. तुझं अर्धवट स्केचसुद्धा लोक सेव्ह करून ठेवतात, माझं फिक सातव्या चॅप्टरला अडकलं की लोक "अपडेट कधी" म्हणून जीव खातात. आणि तुझं चित्र ब्राझीलमधली पोरगीपण बघते, मी मराठीत लिहिलेला सिरियस आपल्या ग्रुपबाहेर कोण वाचणार! (तरी मराठीतच लिहिणार, त्याच्या तोंडी "गप ए" जे बसतं ते इंग्रजीत नाही बसत.)

बाकी हे भांडण एकाच अंकात नांदू शकतं. १९६७ च्या स्पॉकॅनालियात, म्हणजे स्टार ट्रेकवाल्यांच्या त्या पहिल्या झाइनमध्ये (फॅन लोकांनीच काढलेला अंक), कथा, कविता, चित्रं सगळं एकत्रच होतं.

तर ऐक. रीमसची बारा वर्षं मी लिहायला घेतलीयेत. तू त्याची खोली काढ, पौर्णिमेवर खुणा केलेलं कॅलेंडर, एकच कप, बाहेर न काढलेली ट्रंक. माणूस काढू नकोस, त्याचं तोंड माझ्याकडे राहू दे. रविवारपर्यंत पाठव, आणि सही कोपऱ्यात नको, ट्रंकेवरच कर, नाहीतर क्रॉप करून ढापतात लोक.

तुझाच,
पक्या