'मिटले' या शेऱ्यापलीकडे कोण पाहणार?

संपादक महोदय,

१५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम असो की वाट चुकू लागलेल्या मुलांसाठीची शिबिरे, यशाचा अहवाल दोनच आकड्यांवर उभा असतो: किती जण आले आणि किती प्रकरणे मिटली. हे आकडे फसवे आहेत. तंटे मिटवण्यावर गावाचे बक्षीस ठरले, की ठाण्यापर्यंत तक्रार न जाणे हेच काम होऊन बसते. मारहाण सोसणाऱ्या सुनेची समजूत काढून तिला घरी धाडले, की वहीत 'आपसांत मिटले' असा शेरा पडतो. तीन महिन्यांनी ती पुन्हा आली तर नवा अर्ज होतो, जुना शेरा तसाच राहतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली ५०६ मुलांतल्या एकमेकांशी मिळत्याजुळत्या मुलांच्या जोड्या लावून, नाणेफेक करून प्रत्येक जोडीतल्या एकालाच मार्गदर्शन दिले गेले. तीस वर्षांनी संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी त्या मुलांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी दोन-तृतीयांश जण 'फायदा झाला' म्हणाले. पण पुन्हा गुन्हा करणारे आणि दारूच्या आहारी गेलेले त्यांच्यातच जास्त निघाले. तुलनेचा गट नसता तर हे कधीच कळले नसते. सद्हेतूने केलेले कामही नुकसान करू शकते, म्हणून तपासणी हवी.

आपल्याकडे ती अवघड नाही. समजा, तालुक्यातली ६० गावे निवडली. चिठ्ठ्या टाकून ३० गावांत योजना यंदा, उरलेल्या ३० गावांत पुढच्या वर्षी सुरू करावी. गुन्ह्यांचा आकडा दरवर्षी वर-खाली होतच असतो. नेमकी गुन्हे वाढलेली गावे हेरून घेतली तर पुढच्या वर्षी आकडा आपसूक खाली येतो आणि श्रेय योजनेला जाते. चिठ्ठीमुळे हे टळते. सुरुवातीला आणि १२ महिन्यांनी साठही गावांत घरोघर विचारावे: चोरी, मारहाण झाली का? तक्रार केली का? नसेल तर का नाही? विचारणारे पोलीस किंवा गावच्या तंटामुक्ती समितीचे नसावेत, आणि बायकांशी एकांतात बोलावे. शिबिर अर्ध्यात सोडलेली मुलेही मोजावीत. टिकलेलीच मोजली तर निकाल हमखास गोड येतो. चिठ्ठी माणसाची नव्हे, गावाची असल्याने तुलनेचा हिशेबही ६० गावांचाच धरावा, त्यांतल्या हजारो माणसांचा नव्हे; नाहीतर निकाल आहे त्याहून पक्का वाटतो. इथे बरेच अहवाल घसरतात.

यश कशाला म्हणायचे हे योजना सुरू होण्याआधी लेखी ठरवून जाहीर करावे, आणि मिटलेल्या प्रत्येक प्रकरणातल्या तक्रारदाराची सहा महिन्यांनी पुन्हा विचारपूस व्हावी, एवढी दुरुस्ती गृह विभागाने पुढच्या शासन निर्णयातच करावी.

– एक वाचक, सातारा