‘लेव्हल’ सगळीकडे सारखी नसते

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतील लेखात विद्यार्थ्यांनी सर्कलमड या मोफत मिळणाऱ्या गेमचा जुना कोड घेऊन मजकुरावर चालणारा ऑनलाइन गेम मराठीत करावा, असे सुचवले आहे. सूचना चांगली आहे. पण पात्राची प्रगती ‘शत्रू मारा, लेव्हल वाढवा’ एवढ्यावर उरकली, तिथे घोळ होतो. खेळाडू गेममध्ये तासन्‌तास काय करत बसणार, हे त्या हिशेबावरच ठरते.

सर्कलमड (पुढे नुसते सर्कल) १९९३ चा. त्याचे मूळ कोपनहेगन विद्यापीठातल्या १९९१ च्या डिकूमड या गेममध्ये. यात योद्ध्याला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, पुढे ४,०००, ८,०००, १६,००० असे दुपटीने. चोर १,२५० वरच दुसरी गाठतो. एकट्याने मारलेल्या प्राण्याच्या खात्यातला एक तृतीयांश एक्सपी आपल्याला मिळतो. प्राणी वरच्या लेव्हलचा असेल तर त्याच्या दुपटीपर्यंत. खरी गोम मरणात आहे. मेल्यावर निम्मे एक्सपी जातात, लेव्हल मात्र उतरत नाही. २०,००० एक्सपी असलेला पाचव्या लेव्हलचा योद्धा मेला की १०,००० वर येतो. सहावीला ३२,००० हवेत. म्हणजे १२,००० कमवायचे होते तिथे आता २२,०००. मग कोण अनोळखी गुहेत शिरेल? सगळे ओळखीच्या चार खोल्यांत तेच ते प्राणी मारत राहतात.

त्याच घराण्यातल्या रॉम या गेममध्ये गुरूकडे सराव करून कौशल्य ७५ टक्क्यांपर्यंतच चढते; पुढचे वापरून मिळवायचे. त्यातही वार साधला आणि नशिबाने वाढ झाली तर ती १ टक्क्याची, फसूनही झाली तर १ ते ३ टक्क्यांची. चुकांतून शिकणे असे थेट कोडात उतरवलेले क्वचितच दिसते. पण इथेही पळवाट आहेच: गेमला जोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये (क्लायंटमध्ये) तीच आज्ञा आपोआप पाठवणारा मॅक्रो लावायचा, स्वस्तातला मंत्र स्वतःवरच टाकत राहायचा आणि झोपायला जायचे.

या दुखण्यावर नेमका उतारा १९९६ च्या ड्रॅगनरिअल्म्समध्ये सापडतो. तिथे अनुभव आधी त्या कौशल्याच्या हौदात साठतो आणि तिथून थेंबथेंब मुरून रँक वाढते. हौद काठोकाठ भरला की ‘माइंड लॉक’. मग कितीही तलवार फिरवा, हौद थोडा उपसेपर्यंत पदरात काही पडत नाही. साहजिकच माणूस तलवार ठेवून कुलपे उघडायला किंवा जखमा बांधायला वळतो. शिवाय ‘सर्कल’ (तिथल्या लेव्हलचे नाव) आपोआप चढत नाही. ठरलेल्या कौशल्यांत पुरेशा रँक झाल्या की गिल्डच्या, म्हणजे आपल्या पेशाच्या संघाच्या, प्रमुखाकडे जावे लागते. नव्याने गेम करणाऱ्यांनी उचलावी तर हीच पद्धत, जरी प्रत्येक कौशल्याचा हौद वेगळा सांभाळावा लागत असल्याने कोड वाढणार असला तरी.

अकीया या गेमसारखे खेळाडूंकडून पैसे घेऊन क्रेडिट (गेममधले चलन) विकण्याचा मार्ग इथे बंद आहे. सर्कलच्या परवान्यानुसार त्या कोडावर कमाई करता येत नाही आणि मूळ कर्त्यांची नावे श्रेयात ठेवावीच लागतात.

आणि लेखात नसलेली एक अडचण. सर्कलच्या comm.c मधल्या, म्हणजे ‘कॉम डॉट सी’ या फाइलमधल्या, खेळाडूने टाइप केलेली ओळ वाचणाऱ्या भागात फक्त आस्की अक्षरे (साधी इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे; ० ते १२७ क्रमांकांची) पुढे सोडली जातात. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचे, आणि तिन्ही बाइट १२७ च्या वरचे. खेळाडूने ‘मार’ टाइप केले की सर्व्हरला मिळते रिकामी ओळ, तीही चूक झाल्याचा कोणताही संदेश न देता. एक्सपीचा तक्ता नंतर आखा. आधी ती एक अट बदला.

— एक वाचक, पुणे