जुन्या फोर-बाय-फोरचे पुढचे सस्पेन्शन : नवे भाग घालूनही खडखड का राहते?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

खडकाळ आणि चिखलाच्या वाटांवर चालणाऱ्या जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांविषयी वाहनविषयक पुरवण्यांत बरेच लिहिले जाते, पण त्या लेखनाचा रोख बहुधा इंजिन, टायर आणि गाडीची उंची वाढवणे यांवरच असतो. पुढच्या सस्पेन्शनचा विषय निघालाच, तर ‘झिजलेले बुश आणि बॉल जॉइंट बदलून घ्यावेत’ एवढ्या एका वाक्यात तो आटोपतो (बुश म्हणजे जोडाच्या भोकात बसणारी रबरी नळी, आणि बॉल जॉइंट म्हणजे चाकाकडचा भाग सस्पेन्शनच्या दांड्याशी जोडणारा, सर्व बाजूंना वळणारा सांधा). हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे; आणि तेवढ्यावरच विसंबल्यामुळे नवे भाग घातल्यानंतरही गाडी तशीच खडखडते, एका बाजूला ओढते किंवा नवा बुश थोड्याच काळात फाटतो. या कामात प्रत्यक्ष भाग बदलणे हा सर्वांत सोपा टप्पा आहे. नेमके काय झिजले आहे हे भार लक्षात घेऊन ओळखणे आणि नवा भाग कोणत्या स्थितीत आवळला जातो यावर लक्ष ठेवणे, या दोन गोष्टींवर सारी दुरुस्ती अवलंबून असते.

तपासणीची पद्धत गाडीच्या रचनेप्रमाणे बदलते. टोयोटाच्या लँड क्रूझरच्या ८० मालिकेला पुढे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा कणा) आणि कॉइल स्प्रिंग होत्या, तर १९९८ पासूनच्या १०० मालिकेतील बहुतेक गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) आले. त्याच वर्षी आलेल्या सुझुकीच्या तिसऱ्या पिढीच्या जिम्नीने मात्र कॉइल स्प्रिंगसोबत अखंड अ‍ॅक्सल कायम ठेवला. म्हणजे एका गाडीत शोध पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा), रेडियस आर्मचे (अ‍ॅक्सलला पुढे-मागे धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे) बुश आणि किंगपिनचे (ज्यावर चाक वळते त्या खिळीचे) बेअरिंग यांचा घ्यायचा, तर दुसऱ्या गाडीत चाकाला गाडीशी जोडणारे वरचे-खालचे आर्म, बॉल जॉइंट आणि आयडलर आर्म (स्टीअरिंगच्या दांड्यांना आधार देणारा भाग) यांचा.

जॅक लावून चाक वर-खाली हलवून पाहण्याची रूढ पद्धत इथे अनेकदा फसवते. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल आणि जॅक चेसिसखाली (गाडीच्या सांगाड्याखाली) लावला असेल, तर स्प्रिंगचा जोर बॉल जॉइंटला दाबूनच ठेवतो आणि पुरता झिजलेला जॉइंटही हाताला घट्ट लागतो. अशा रचनेत जॅक खालच्या आर्मखाली, शक्य तितका बॉल जॉइंटजवळ लावावा, म्हणजे स्प्रिंगचा भार जॅकवर जाऊन जॉइंट मोकळा होतो. मग टायरखाली पहार घालून चाक हलकेच उचलले, की खरा प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, दिसतो. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार वरच्या आर्मवर काम करत असेल, तर याच्या उलट जॅक चेसिसखाली लावून वरचा आर्म त्याच्या स्टॉपवर टेकू द्यावा लागतो. चाक वर-खाली धरून हलवताना प्ले जाणवला, की सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे: प्ले नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा किंवा किंगपिनचा. स्टीअरिंगचे जॉइंट मात्र चाके जमिनीवर असतानाच तपासावेत. एकाने इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे फिरवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक टाय रॉड एंडवर (चाके वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यावर) व पॅनहार्ड रॉडच्या दोन्ही टोकांवर हात ठेवावा. डोळ्याला न दिसणारी ढिलाई बोटांना कळते.

अखंड अ‍ॅक्सलच्या गाड्यांत वेगात असताना एखादा खड्डा लागून स्टीअरिंग जोराने थरथरू लागते आणि वेग बराच उतरवल्याशिवाय थांबत नाही, हा अनुभव अनेक वाचकांना असेल. त्यावर नवा स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे हादरे शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बसवण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो आणि काही काळ तो लागूही पडल्यासारखा वाटतो. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. डॅम्पर थरथर शोषून घेतो, ती जिथून निघते ती ढिलाई दूर करत नाही, आणि ढिला पॅनहार्ड रॉड किंवा किंगपिनचे बेअरिंग त्या आडोशाने झिजतच राहते. किंगपिनचा ताण शिम (पातळ चकत्या) कमी-अधिक करून ठरवायचा असतो आणि तो अंदाजाने नव्हे, तर टाय रॉड सोडवून, स्टीअरिंग आर्मला ताणकाटा अडकवून, उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहायचा असतो. टायरचा समतोलही तपासावा, कारण थरथरीची सुरुवात बऱ्याचदा तिथून होते.

आणखी एक जागा हमखास सुटते, ती म्हणजे भाग जिथे बसतो तो ब्रॅकेट. बोल्ट दीर्घकाळ ढिला राहिला असेल, तर भोक लांबट होते आणि बोल्टचा दांडाही झिजतो. अशा भोकात नवाकोरा बुश घातला, तरी खडखड कायमच. चिखल साचून आतून गंजलेले ब्रॅकेट तर वायर ब्रशने साफ केल्याशिवाय ओळखताही येत नाहीत.

सर्वांत अधिक चुका होतात त्या आवळण्याच्या टप्प्यावर. मूळ रबरी बुश हा फिरणारा भाग नाही. त्याचे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेले असते आणि आर्म वर-खाली होताना ते पीळ घेते. गाडी स्टँडवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट पक्का आवळला, तर रबर त्या खालच्या स्थितीत धरले जाते. गाडी जमिनीवर आली की उभ्या गाडीतही त्याला कायमचा पीळ बसतो, आणि पुढच्या प्रत्येक खड्ड्यात तो वाढून रबर लवकर फाटते. म्हणून बोल्ट आधी फक्त हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवून थोडी पुढे-मागे हलवावी आणि मगच टॉर्क रेंचने शेवटचे आवळावेत. गाडीखाली शिरायला जागा अपुरी पडते म्हणून हा टप्पा टाळला जातो, पण रॅम्प नसला तर स्टँड आर्मखाली किंवा अ‍ॅक्सलखाली ठेवूनही भार आणता येतो. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली मात्र कुणीही शिरू नये.

बॉल जॉइंट सोडवताना दुबेळकी पाचर ठोकली, तर रबरी बूट फाटतो; जो जॉइंट पुन्हा वापरायचा आहे, त्यासाठी पुलरच हवा. खाचांच्या नटमध्ये स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल, तर नट मागे न फिरवता पुढे आवळूनच भोक जुळवावे आणि पिन नवी घालावी. टॉर्शन बार काढण्याआधी त्याच्या दातांवर खुणा करून गाडीची उंची मोजून ठेवावी, समायोजनाचा बोल्ट मोकळा करून ताण उतरवावा, आणि डावा-उजवा बार एकमेकांच्या जागी घालू नये, कारण त्यांच्या पिळाची दिशा ठरलेली असते.

पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ म्हणून विकले जातात आणि काही ठिकाणी ते खरोखर उपयोगी पडतात. तरी रेडियस आर्मच्या टोकाला, जिथे अ‍ॅक्सल तिरपा होताना बुशने सर्व दिशांनी लवचीक राहणे आवश्यक असते, तिथे कडक बुश चाकाची हालचाल आखडतो आणि तो जोर ब्रॅकेटवर टाकतो. खडकांवर चालणाऱ्या गाडीला मी तिथे मूळ रबरच घालीन.

उंची वाढवण्याच्या हौसेचाही इथे संबंध येतो. टॉर्शन बारचा बोल्ट आवळून गाडी उचलली, की आर्म तिरके होतात, चाकाला खाली जायला जागा कमी उरते, आणि बॉल जॉइंट व ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट कायम तिरप्या कोनात काम करतात. त्या उंचीवर नवे जॉइंटही लवकर जाणार, हे मालकाला आधीच सांगायला हवे. रेडियस आर्मच्या गाडीत उंची वाढल्याने कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येईनासे होते. तो दोष बुश बदलून जात नाही.

आपल्या वाहनविषयक सदरात या तपासणीचा क्रम सविस्तर छापावा, अशी माझी विनंती आहे. त्यात चाकांच्या अलाइनमेंटचाही समावेश असावा, कारण टाय रॉड एंड बदलताना जुन्याची लांबी मोजून नवा तेवढाच बसवला, तरी ती जुळवणी तात्पुरतीच असते. काम संपल्यावर मालकाने केवळ टो (चाके समोरून आत-बाहेर वळलेली असण्याचे माप) नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या कॅस्टर आणि कॅम्बरचेही (चाकाच्या वरच्या बाजूचा आत-बाहेर झुकाव) कामापूर्वीचे व नंतरचे आकडे लेखी मागावेत. नवे भाग घालूनही दोन बाजूंच्या कॅस्टरमध्ये मोठी तफावत उरली, तर वाकलेला आर्म, वाकलेला अ‍ॅक्सल किंवा सरकलेला ब्रॅकेट यांचा शोध तिथून सुरू करता येतो.

आपला नम्र,
एक वाचक