सूचना : भा. रा. भागवत स्मृतिवाचन

सभासद मित्रमैत्रिणींनो,

27 ऑक्टोबर हा बालसाहित्यिक, शाळकरी नायक फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत यांचा स्मृतिदिन. 2001 साली ते गेले, तेव्हा आपल्यापैकी बरेच जण फास्टर फेणेच्या वयाचे राहिले नव्हते, तरी घरातलंच कुणीतरी गेल्यासारखं वाटलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी 5 ते 7, ग्रंथालयाच्या वरच्या दालनात आपण फक्त वाचन करणार आहोत. भाषणं नाहीत, हार-तुरे नाहीत. (अध्यक्षांनाही हे सांगून झालंय!)

• प्रत्येकाने एकच उतारा निवडावा, पाच मिनिटांत संपेल असा. फास्टर फेणेचं 'ट्टॉक्' नीट वाजवता येत नसेल तर घरी सराव करून या.
• सगळे फुरसुंगीच्या बन्यावरच (म्हणजे फास्टर फेणेवरच) तुटून पडू नका. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आणि त्यांच्या 'बालमित्र' मासिकाचे जुने अंकही हवेत. कुणाकडे अंक असल्यास आधी कळवा.
• लहानपणीची प्रत असेल तर तीच आणा. पहिल्या पानावर पेन्सिलीने नाव, इयत्ता, तुकडी लिहिलेली असेल, पुठ्ठा सुटलेला असेल, तर उत्तमच. फक्त चिकटपट्ट्या लावून ती 'दुरुस्त' करू नका, कागद पिवळा पडतो.
• पुस्तकांची देवघेव त्या दिवशी बंद. कुणाची प्रत मागून नेऊ नये, जुना अनुभव चांगला नाही.

मुलांना, नातवंडांना जरूर आणा. त्यांना वाचायचं असेल तर पहिला मान त्यांचा.

उताऱ्याचं नाव 20 ऑक्टोबरपर्यंत कार्यवाहांकडे द्यावं. एकच उतारा दोघांनी दिला, तर ज्याचं नाव आधी आलं त्याचा धरला जाईल.

– कार्यवाह