लोगोची फाइल नीट द्या, मग मशीनला बोल लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आजकाल ऑफिस असो, क्रिकेटची टीम असो नाहीतर माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप, लोगोवाला टी-शर्ट पाहिजेच असतो आणि माल हातात आला की तक्रारीही ठरलेल्या, प्रिंट धूसर आली, रंग भलताच आला, एम्ब्रॉयडरीतली अक्षरं लागतच नाहीत. सगळा राग निघतो प्रिंटिंगवाल्यावर. मी कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करते, म्हणजे लोगोवरून मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवते, त्यामुळे मी त्यांच्या बाजूने बोलणार हे उघड आहे, पण बऱ्याचदा काम मशीनवर चढायच्या आधी फाइलमध्येच बिघडलेलं असतं हो.

लोगो म्हणून काय येतं बघा. व्हॉट्सअॅपवर चार ग्रुप फिरून आलेला जेपीजी, व्हिजिटिंग कार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो, वेबसाइटचा स्क्रीनशॉट. वर "मोबाइलवर तर क्लिअर दिसतोय!" दिसणारच, तिथे तो दोन इंचाचा आहे, पाठीवर दहा इंच केला की कडांना पायऱ्या पडतात. फोटोसारखी फाइल असेल तर छापायच्या साइजला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) लागतात म्हणजे १० इंच रुंदीला ३००० पिक्सेल, आणि छोटी इमेज ताणून तिथे ३०० आकडा टाकला म्हणून त्यात नवीन काही येत नाही. लोगोसाठी खरी लागते ती व्हेक्टर फाइल, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकारांनी बनलेली, एआय (इलस्ट्रेटरची फाइल), सीडीआर (कोरलड्रॉची), ईपीएस किंवा एसव्हीजी, ती कितीही मोठी करा कड तशीच राहते. इथेही एक चलाखी चालते, जेपीजी उचलायचा, कोरलमध्ये टाकायचा आणि सीडीआर म्हणून सेव्ह करून पाठवायचा. डबा बदलला म्हणून आतला माल बदलत नाही. भरपूर झूम करून बघा, कडा फुटल्या तर आत फोटोच आहे.

मराठी लोगोचं अजून एक दुखणं म्हणजे फॉन्ट. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेल्या फॉन्टमध्ये, टाइप केलेलं नाव ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे उघडलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसतो, युनिकोड असलं तरी सॉफ्टवेअरचं सेटिंग बरोबर नसेल तर जोडाक्षरं सुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते. फाइल पाठवायच्या आधी अक्षरं कर्व्हमध्ये करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा, मग फॉन्ट लागत नाही, कोरलमध्ये कंट्रोल क्यू, झालं. एक मूळ कॉपी मात्र जपून ठेवा कारण कर्व्ह केल्यावर टाइप करून काही बदलता येत नाही.

प्रिंटिंगचं थोडक्यात सांगते. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम लागते, गडद कापडावर खाली पांढरा बेस मारायचा तर त्याची आणखी एक, त्यामुळे लोगोत उगाच सात रंग नकोत. डीटीएफला (आधी फिल्मवर छापून मग गरम प्रेसने कापडावर चिकटवतात ते प्रिंटिंग) रंगांचं बंधन नाही पण तिथे जेपीजी दिला तर काळ्या टी-शर्टवर लोगोभोवती पांढरा चौकोन येतो कारण जेपीजीत ट्रान्सपरंट बॅकग्राउंड नसतंच. लोगोखालची ती आवडती सावलीसुद्धा काढा, अर्धवट पारदर्शक भागाखाली पांढरी शाई जाते आणि सावलीच्या जागी दुधट डाग दिसतो. रंग स्क्रीनवर बघून सांगू नका, पँटोन नंबर द्या, म्हणजे छापील शेडकार्डावरचा त्या रंगाचा ठरलेला नंबर.

खरी गंमत एम्ब्रॉयडरीत. नेहमीचा ४० नंबरचा धागाच साधारण ०.४ मिलिमीटर जाड, त्याच्यापेक्षा बारीक रेघ कुठून आणायची? छातीवरचा लोगो असतो ८-९ सेंटिमीटर रुंद, त्यात गोलाकार नाव, मधे मशाल, खाली स्थापना वर्ष आणि त्याच्याखाली ब्रीदवाक्य, ते येतं जेमतेम ३ मिलिमीटर उंचीचं. इंग्रजी कॅपिटल अक्षरसुद्धा नीट यायला ५ मिलिमीटर लागतात आणि आपल्या अक्षराला तर वर मात्रा-वेलांटी, खाली उकार, मधे शिरोरेघ. अनुस्वार अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर सुई त्याच भोकात परत परत जाते, धाग्याची गुठळी होते नाहीतर कापड फाटतं, आणि अनुस्वार सोडून द्यावा तर छातीवर मंडळाचं मडळ!

शिवाय टाके कापडाला आपल्याकडे ओढतात, म्हणून पंचिंग करताना गोल मुद्दाम टाक्यांच्या दिशेने थोडा जास्त रुंद ठेवावा लागतो. कस्टमर स्क्रीनवर बघून म्हणतो गोल वाकडा आहे, सरळ करा. सरळ केला तर होजिअरीच्या कापडावर त्याचं अंडं होईल आणि बॉर्डर आणि आतल्या भरावात फट दिसेल ती वेगळीच. मग "तीच फाइल छोटी करून कॅपवर मारा." मशीनला जाणाऱ्या डीएसटी फाइलमध्ये आकार नसतात, नुसते टाके असतात, फार छोटी केली की तेवढेच टाके दाटीवाटीने बसतात, धागा तुटतो, लोगो पुठ्ठ्यासारखा कडक होतो. कॅपचं पंचिंग वेगळं करावं लागतं, तिथे उंची कमी मिळते, कापड वळलेलं असतं आणि मधे शिवण येते.

डिझाइनर मंडळींना विनंती, लोगो देताना पूर्ण लोगो, एका रंगातला लोगो आणि ब्रीदवाक्य काढलेला छोटा लोगो असे तिन्ही व्हेक्टरमध्ये द्या. ऑर्डर देणाऱ्यांनी लोगो खऱ्या साइजला साध्या कागदावर प्रिंट काढून हातभर अंतरावरून बघावा, आणि सगळा माल सुरू करायच्या आधी त्याच कापडावर एक सॅम्पल मागावं, फोटोवर ओके देऊ नये.

संपादक साहेब, लोगो स्पर्धांच्या बातम्या पेपरात येतात, त्यात बक्षीस आणि शेवटची तारीख ठळक असते, फाइल कशी पाहिजे ते मात्र कुठेच नसतं. आयोजकांनी अडीच सेंटिमीटर रुंदीला आणि एकाच रंगात ओळखू येईल असाच लोगो घेऊ अशी अट टाकावी आणि तुम्ही ती बातमीत छापावी, एवढंच मागणं आहे.

आपली एक वाचक